ढब्ब्याचं जेवण

माझ्या भावाचा बेडूक मी मारला.

आज दादाला जाऊन एक वर्ष झालं. फोटो टाकून दोन ओळी लिहिणार होते. पण मग हे राहूनच गेलं असतं.

दादाला ओळखणाऱ्यांना ढब्ब्या आणि ठमी माहीत आहेत. पेट शॉपमधून आणलेले दोन हिरवे ऑस्ट्रेलियन बेडूक. मखमलाबादसारख्या ठिकाणी, जिथे शेताच्या बांधावर फुकटचे बेडूक ओरडतात, तिथे हा पठ्ठ्या ते विकत घेऊन आला.

त्यांच्या जेवणाचं टाइमटेबल कपाटाला चिकटवलेलं. एकदा रातकिडे, एकदा गांडुळं, एकदा झुरळं, तीही खास पाळलेली. रोज खायला घालायचं नाही, लठ्ठ होतात. किडा बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. किड्यावर कॅल्शियमची पावडर भुरभुरायची. आणि त्या किड्यांनाही आधी गाजर, मेथी घालायची, म्हणजे ते सत्त्व बेडकाच्या पोटात जातं.

"मी जेवले का, हे कधी विचारलंस का रे?" आई म्हणायची.

"तू सांगतेस तरी, आई. त्यांना सांगता येत नाही."

मी त्याची खूप टर उडवायचे. बेडकाला कसलं आलंय कॅल्शियम!

मग पेठ रोडला ॲक्सिडेंट झाला. दादा बत्तीस वर्षांचा होता.

दहाव्याला रामकुंडावर कावळा शिवेना. पप्पा म्हणाले, पोरीचं लग्न नीट करीन. काका म्हणाले, तुझ्या आईबापाला अंतर देणार नाही. कावळे बसून राहिले. उन्हात सगळे ताटकळले होते.

मी पुढे झाले. म्हटलं, "दादा, तुझे बेडूक मी सांभाळीन. तू द्यायचास तसंच खायला देईन."

कावळा आला.

मी असलं काही मानत नाही. त्या दिवशी मानलं.

तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी आईने रातकिड्यांचा टब मागच्या अंगणात उलटा केला. झुरळांचा डबाही.

"आता या घरात वर्षभर एक जीव मारायचा नाय," ती म्हणाली. "त्या किड्यांचे तळतळाट लागले माझ्या पोराला."

पप्पा हळूच म्हणाले, "अगं, मी झेंडूवर फवारतो तेव्हा काय मरतं मग?"

आई रिकामा टब घासायला बसली. पप्पा उठून मळ्यात निघून गेले. मुलगा गेलेल्या बाईशी वाद कोण घालणार? मीही नाही घातला.

मी सोपा मार्ग काढला. सुकवलेल्या किड्यांचं पाकीट आणलं. आधीच मेलेले, म्हणजे पाप आपल्या माथी नाही. चिमट्यात धरून समोर हलवले की दोघं गपकन गिळायचे. मला वाटलं, झालं की काम.

कॅल्शियमचा डबा दादाच्या गोळ्या-औषधांबरोबर कचऱ्यात गेला होता. नवा आणता आला असता. त्याला आईची काहीच हरकत नव्हती, पांढरी पावडर ती. मी आणला नाही.

आळस. दुसरं काही नाही. रोज तेच पाकीट, तेच किडे, सात-आठ महिने.

ढब्ब्या आधी उड्या मारेनासा झाला. मला वाटलं, लठ्ठ झाला असेल. मग त्याचे मागचे पाय थरथरायला लागले. एक दिवस किडा तोंडात घेतला आणि तसाच बसून राहिला. जबडा मिटेना. हात लावला तर हाड रबरासारखं वाकत होतं.

इथले डॉक्टर कुत्री-मांजरं बघतात. एकांनी पुण्याच्या डॉक्टरांचा नंबर दिला. त्यांना व्हिडिओ पाठवला.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "खायला काय देता?"

मी सांगितलं.

"कॅल्शियम मिळालं नाही की ते स्वतःच्या हाडांतून काढतात, मॅडम. याची हाडं संपलीत. दुसरा वाचेल बहुतेक. आजपासून सुरू करा."

औषध थेंबाथेंबाने पाजलं. चार दिवस. पाचव्या दिवशी सकाळी ढब्ब्या पाण्याच्या वाटीत होता, पाय लांब करून.

आई बाजूला येऊन उभी राहिली.

"कशानं गेला?"

"खाणं बरोबर नव्हतं म्हणून."

"देत तर होतीस रोज."

"पोट भरत होतं, आई. बाकी काही मिळत नव्हतं."

ती वाटीशेजारी खाली बसली. "म्हणजे मीच मारला. जीव मारायचा नाय म्हणता म्हणता."

"तू नाही. मी," मी म्हटलं. मला रडायलाही येईना. दादाला जाळलं त्या दिवशी जेवढं वाईट वाटलं नव्हतं तेवढं मला त्या वाटीकडे बघून वाटलं. त्या दिवशी निदान माझी चूक नव्हती.

त्याला मेथीच्या वाफ्यात पुरलं. खड्डा पप्पांनी खणला.

आज वर्षश्राद्ध झालं. पाहुणे जेवत होते. मी ठमीची काचेची पेटी उघडली, तर मागून आई आली. तिच्या हातात करवंटी होती. थोडी ओली माती, त्यात दोन गांडुळं. सकाळीच मळ्यातून काढून आणलेली.

"दे तो चिमटा," ती म्हणाली.

पावडर मी भुरभुरली. आईने एक गांडूळ उचललं. ते वळवळायला लागलं. तिने डोळे मिटले.

"माफ कर मला, बाबा," ती त्या गांडुळाला म्हणाली.

आणि ते ठमीच्या तोंडाशी धरलं.

ठमीचा जबडा अजून थोडा वाकडा आहे. तिला वेळ लागला. आई हात तसाच धरून उभी होती. आत कुणीतरी तिला हाका मारत होतं. ती हलली नाही.

दादा, ढब्ब्याला मी वाचवू शकले नाही. मला माफ कर.

ठमी आज जेवली. आईने भरवलं.