मिस्टर फाँग यांच्या इंजिनाचं पोट

त्या रविवारी सकाळी ऊन पडलं होतं, पण ते कुठून येतंय ते दिसत नव्हतं. सुमात्रात रानं पेटली होती आणि त्यांचा धूर समुद्र ओलांडून सिंगापुरात, आमच्या बुकित पंजांगवर येऊन बसला होता. समोरचा ब्लॉक कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा. लोक तोंडाला मास्क लावून भाजीला निघालेले. अशा हवेत घरात बसून करायचं काम आमच्याकडे होतं, म्हणून आम्ही आपले खूश.

इंजिन उघडून पुन्हा बंद केलं की एखादा स्क्रू उरतोच. इंजिन चालतं, स्क्रू डबीत जातो. किस्स्यांचंही तसंच आहे. डबी भरत जाते. त्या रविवारचं सांगतोच, पण आधीचे दोन-तीन स्क्रू दाखवले नाहीत तर ते कळायचं नाही.

छोट्या खेळण्यातल्या रेल्वेचं वेड असलेली आम्ही चार डोकी. कुलकर्णी पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. रुळांचं टेबल त्याच्याच हॉलमध्ये. सावंत मरीन इंजिनिअर, मूळचा मालवणचा. मिस्टर फाँग माझे शेजारी, आमची भिंतीला भिंत. आणि मी, कदम. शाळा फार झाली नाही. बोटीवर फिटर होतो, आता मुलाकडे असतो. इथे माझं काम कानस चालवणं आणि घाई न करणं.

पूर्वी रुळांत करंट सोडला की टेबलावरची सगळी इंजिनं एकदम पळायची. मग कुलकर्णीनं टेबल डिजिटल केलं. आता प्रत्येक इंजिनाच्या पोटात डिकोडर नावाची बारकी चकती बसवायची आणि तिला नंबर द्यायचा. हाक ज्याला मारली, त्यानंच ओ द्यायची. नव्या इंजिनांत त्यासाठी जागा ठेवलेली असते. आमची इंजिनं जुनी आणि बोटाएवढी. पोटात मोटर आणि वजनाचा ठोकळा, बाकी वाऱ्यालाही जागा नाही.

* * *

पहिला डिकोडर आला आणि कुलकर्णीच्या हातातून निसटला. नखाएवढी वस्तू. दुपारभर मी आणि तो टॉर्च घेऊन गुडघ्यांवर. सोफा हलवला, गालिचा झटकला, पंख्यालासुद्धा शिव्या देऊन झाल्या.

त्याची आई तेव्हा पुण्याहून आलेली. दुपारची झोप काढून त्या बाहेर आल्या.

"काय सांडलंय रे?"

"आई, हिरवी चकती होती. छोटीशी. सोनेरी ठिपके असलेली."

"ते होय? सिमकार्ड ना? मी माझ्या फोनमध्ये घालून बघितलं. बसत नाही." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय हो, इथे सगळं चांगलं मिळतं म्हणतात ना?"

* * *

जागा करायची म्हणजे काहीतरी काढायचं. सावंतच्या इंजिनात वजन घासून घासून झालं, तरी डिकोडर अर्धा बाहेर. केबिनमध्ये एक प्लास्टिकचा ड्रायव्हर उभा होता, टोपीबिपी घातलेला.

सावंत बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काका, याचे पाय कापूया."

"अरे, ड्रायव्हर आहे तो."

"खिडकीतून कमरेच्या वरचाच दिसतो. खाली काय आहे कुणाला कळणार?"

मी ब्लेडनं त्याला कमरेत कापला आणि डिकोडरवर चिकटवला. कुलकर्णीच्या आई चहा घेऊन आल्या, त्यांनी पाय तेवढे टेबलावर पाहिले. त्यांना फार वाईट वाटलं.

सावंत म्हणाला, "मावशी, खिडकीतून खाली बघा. आमची छोटी ट्रेन, एलआरटी, जाते ना, तिला ड्रायव्हरच नाही. याचा निम्मा तरी आहे."

* * *

टेबल डिजिटल झाल्यावरचा पहिला रविवार. कुलकर्णीनं कंट्रोलर हातात घेतला, दोन शब्द बोलला आणि आपल्या इंजिनाचं बटण दाबलं. तर त्याचं निघालं, सावंतचं निघालं आणि माझंही निघालं. माझं आणि सावंतचं समोरासमोर येऊन एकमेकांना भिडलं.

कारखान्यातून येताना प्रत्येक डिकोडरचा नंबर तीनच असतो. तो आपण बदलायचा. कुलकर्णीला वाटलं मी बदलला, मला वाटलं सावंतनं बदलला, आणि सावंतला वाटलं हे कॉम्प्युटरचं काम, म्हणजे कुलकर्णीचं.

"तीन तिगाडा, काम बिगाडा," कुलकर्णीच्या आई आतून म्हणाल्या.

मिस्टर फाँगना त्याचा अर्थ हवा होता. सांगितल्यावर ते रागावलेच. त्यांच्या कँटोनीजमध्ये तीन म्हणजे जिवंत म्हटल्यासारखं ऐकू येतं. वाईट आकडा चार, तो मरणासारखा ऐकू येतो. "तीन इंजिनं, तिन्ही जिवंत," ते मला म्हणाले. "तुझ्या लोकांना आणखी काय पाहिजे?"

सगळे हसले, तेही हसले. मग त्यांनी आपलं इंजिन काढून रुळावर ठेवलं. छोटंसं, पिवळं, दोन्हीकडे सारखंच तोंड असलेलं. त्याच्या पोटात डिकोडरच नव्हता. ते हललं नाही, नुसतं घुंई घुंई करत राहिलं. फाँगनी ते रुमालात गुंडाळलं, खोक्यात ठेवलं आणि चहा न घेता घरी गेले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. घरात एकटा माणूस, तब्येत तोळामासा. आठवड्यात घराबाहेर पडायचं ते आमच्याकडेच. मी दार वाजवलं तर म्हणाले, "यू ऑल गो अहेड लाह. इंजिन ओल्ड, मी पण ओल्ड."

कुलकर्णीनं आपलं एक नवं इंजिन त्यांना देऊ केलं. फाँग म्हणाले, दुसऱ्याच्या चपला घालून मी फिरायला जात नाही.

* * *

मग मीच त्यांच्याकडे जाऊन बसायला लागलो. इंजिनाचा विषय काढायचा नाही, चहा प्यायचा. असे कितीतरी चहा झाले. शेवटी एकदा त्यांनीच खोकं पुढे सरकवलं.

"कदम, कापलं की परत जोडता येत नाही."

"मी हळू कापतो."

"किती हळू?"

"तुम्हाला कंटाळा येईल इतकं."

मोटर काढून बाजूला ठेवली आणि वजनाचा ठोकळा त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्या डोळ्यांसमोर घासायला घेतला. कानस एकदा फिरली की फाँग म्हणायचे, "पुरे." मी थांबायचो. ते चष्मा लावून बघायचे आणि म्हणायचे, "अजून थोडं." पुन्हा कानस फिरली की, "पुरे."

बोटीवर चीफ इंजिनिअरच्या हाताखाली काम केलंय, पण इतकी देखरेख नव्हती. तरी जागा झाली. इंजिन माझ्या हातात देताना मात्र त्यांनी ते लगेच सोडलं नाही. मीही ओढलं नाही.

* * *

आता तो धुराचा रविवार. फाँगचं इंजिन टेबलावर, फाँग घरी. जुन्या मोटरीची एक बाजू इंजिनाच्या सांगाड्याला टेकलेली असते. ती वेगळी नाही केली तर डिकोडर जळतो. त्यासाठी हळदीच्या रंगाची एक टेप लावतात. ती लावली होती सावंतनं, दाबली होती मी, आणि तपासली असं दोघांनाही वाटत होतं.

कुलकर्णीनं करंट सोडला. आम्ही बघत बसलो.

थोड्या वेळानं सावंत म्हणाला, "जळका वास येतोय का?"

"सुमात्रा," कुलकर्णी म्हणाला.

सावंतनं उठून खिडकी घट्ट लावली. वास वाढला. कुलकर्णीनं फोनवर हवेचा आकडा बघितला आणि दुसरी खिडकीही लावली. वास आणखी वाढला. मी दाराखाली ओला टॉवेल लावला.

कुलकर्णीच्या आई आतून पदर नाकाला लावून आल्या. "अरे, ती सुमात्रा टेबलावरच आहे!"

डिकोडर काळा पडला होता. इंजिनाला काही झालं नव्हतं, पण हे फाँगना सांगायचं कुणी? दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

फाँगनी दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि विचारलं, "इंजिन डाय?"

"नाही. डिकोडर डाय."

त्यांनी जरा विचार केला. "म्हणजे माझं इंजिन जिंकलं," म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले. रविवारी येतो असं मात्र म्हणाले नाहीत.

* * *

दुसरा डिकोडर येईपर्यंत धूर निवळला. या खेपेला मी कुणालाच घाई करू दिली नाही. टेप दोनदा गुंडाळली, तारा एकेक करून जोडल्या. फाँगना सांगितलं, फक्त बघायला या, आवडलं नाही तर खोकं घेऊन परत जा. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि आपल्या जुन्या खुर्चीत बसले. खोकं मांडीवर उघडंच ठेवलं.

नंबर तीनच ठेवायचा हे त्यांनी आधीच बजावलं होतं. कुलकर्णीनं आम्हा बाकीच्यांची इंजिनं रुळावरून उचलून घेतली आणि कंट्रोलर त्यांच्या हातात दिला.

फाँगनी उजवीकडचा बाण दाबला.

काहीच झालं नाही. सावंत छताकडे बघायला लागला. मग ते पिवळं इंजिन हललं. इतक्या हळू, की आधी मला माझेच डोळे पाणावल्यासारखे वाटले. धक्का नाही, घुंई घुंई नाही. चाललं.

फक्त डावीकडे चाललं.

मोटरीच्या दोन तारा मी उलट्या जोडल्या होत्या.  इंजिन आपलं सावकाश डावीकडून वळून बोगद्यात शिरलं, बाहेर आलं आणि पूर्ण फेरी मारून फाँगच्या समोर आलं. त्यांनी थांबवलं. पुन्हा उजवा बाण दाबला. पुन्हा डावीकडे.

"एक सेटिंग बदललं की झालं," कुलकर्णी घाईनं म्हणाला. "मिस्टर फाँग, कंट्रोलर द्या, दोन मिनिटं."

फाँगनी कंट्रोलर दिला नाही. मांडीवरचं खोकं बंद केलं आणि खाली जमिनीवर ठेवलं.

"नेव्हर माइंड लाह," ते म्हणाले. "नेक्स्ट संडे आय सिट अदर साइड."