पुसलेली सीट

गेले पाच दिवस रोज सकाळी कोणीतरी माझ्या स्कूटीची सीट पुसून ठेवतंय! आमच्या पार्किंगमध्ये कबुतरं आहेत, त्यामुळे हे काम कोणी हौसेने करणार नाही. मला लगेच संशय आला. पेट्रोल काढलं? ओरखडा पाडून लपवला? टायरसुद्धा दाबून बघितले. आपल्याशी कोणी उगाच चांगलं वागलं की आपण आधी खिसाच का चाचपतो, कोण जाणे!

आज मुद्दाम लवकर उतरले, तर पहिल्या मजल्यावरचे देसाईकाका फडकं घेऊन उभे.

"काका, हे काय चाललंय?"

"अगं, सकाळी वॉचमनने गेट उघडावं म्हणून सगळे हॉर्न मारतात, तू तेवढी मारत नाहीस. आमची ही रात्रभर खोकते, पहाटे कुठे तिचा डोळा लागतो. आता तुला थँक्यू काय म्हणायचं? म्हटलं, सीट पुसावी."

आता काय सांगू! माझा हॉर्न आठवड्यापासून बंद आहे, म्हणून उतरून गेट उघडावं लागतंय. काकांना हसून "येते" म्हटलं आणि गाडी काढली. आता संशय येतोय तो माझाच.

संध्याकाळी हॉर्न दुरुस्त करून आणला, मस्त खणखणीत वाजतो. उद्या सकाळीही मात्र गाडीवरून उतरून गेट मीच उघडणार.