खंडेनवमीचा फोन

बाबांकडे एक जुनी ऑस्ट्रियन शिकारी रायफल होती. कोल्हापूरच्या एका म्हाताऱ्या इनामदारांकडून त्यांनी ती रीतसर परवान्यावर घेतली होती. तिच्या अक्रोडी दस्त्यावरची नक्षी बघूनच पाहुणे वा वा करू लागले की बाबा चिडायचे. "नक्षी काय बघताय? डोळे मिटा आणि बोल्ट ओढा. चांगली रायफल हाताला आणि कानाला कळते." खरंच, तो बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा खटका, तुपातून सरकल्यासारखा मागे यायचा.

मी सिंगापूरला आले आणि आमची रीत ठरून गेली. खंडेनवमीला शस्त्रपूजेआधी बाबा रायफलला तेल द्यायचे, मला फोन लावायचे आणि फोनजवळ रिकाम्या रायफलचा बोल्ट मागेपुढे करायचे. इथल्या टॅम्पिनीस भागातल्या फ्लॅटमध्ये मी डोळे मिटून ऐकायची.

"कशी वाजतेय?"

"मस्त!"

गेल्या वर्षी बोल्ट अडखळला. "बाबा, घासतंय. तेल हवंय," मी ऐटीत सांगितलं.

त्यांनी बोल्ट पुन्हा एकदा ओढून पाहिला. मग म्हणाले, "रायफल ठीक आहे गं. माझा हात थरथरतोय."

यंदा बाबा नाहीत. भावाने नियमाप्रमाणे रायफल पोलिस ठाण्यात जमा केली. तिथे तिला कोण तेल देणार! मी स्वयंपाकघरातली सुरी पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं. तेवढ्यात भावाचा फोन आला आणि सवयीने माझे डोळे मिटले.

"हॅलो, ऐकू येतंय ना?" तो विचारत राहिला.

नुसता बोल्ट घासल्याचा आवाज आला असता, तरी मी मस्त म्हटलं असतं.