साफ केलेलं पोतं

काकूंचा मूळ धंदा शिवणकामाचा, पण गल्लीत त्यांना ओळखतात ते पिसवांवरून. मागच्या अंगणातल्या पाच टबांत त्या पाण्यातल्या पिसवा वाढवतात. टाचणीच्या डोक्याहून लहान जीव, झटके देत पोहणारे. का, तर सोनेरी माशांच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना सुकं खाद्य चालत नाही, जिवंत, हलतं काहीतरी लागतं. आणि पिसवांना काय लागतं? कोंबडीखत. जुन्या परकराची थैली शिवायची, त्यात खत भरून टबात टांगायचं. पाणी हिरवट झालं की पिसवा फोफावल्याच म्हणून समजा. ज्यांना नाक मुरडायचंय त्यांनी खुशाल मुरडावं.

त्या दिवशी मात्र पाचही टबांच्या तळाशी मेलेल्या पिसवांचा थर होता. आत काचेच्या टाकीत तीन हजार पिल्लं, कालच तोंड उघडलेली. संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर खेळ खलास. दुसरी कुणी असती तर कपाळाला हात लावून बसली असती. काकूंना आधी कुतूहल. पाणी तेच, ऊन तेच, मग बदललं काय? दिराच्या शेडमधून आणलेलं खताचं नवं पोतं.

त्यांनी तीन बरण्या घेतल्या. एकीत नुसतं पाणी, दुसरीत जुन्या खताची उरलेली चिमूट, तिसरीत नव्याची. खिडकीतल्या बाटलीत थोड्या पिसवा जिवंत होत्या, त्या दहा-दहा सोडल्या आणि शिवणयंत्रावर कोपर टेकून बघत बसल्या. तासाभरात तिसऱ्या बरणीतल्या गरगरल्या आणि तळाला गेल्या.

काकूंनी पायात चपला सरकवल्या आणि थेट दिराची कोंबड्यांची शेड गाठली.

“भावजी, या पोत्यात काय घातलंत?”

दीर खुलला. “कळलं ना? मागे तुम्हीच म्हणालात, पोतं उघडलं की बारीक किडे हातावर चढतात. म्हणून किड्यांची पावडर मारली. फक्त तुमच्याच पोत्याला हं, वहिनी.”

 तक्रार काकूंचीच होती. आपलेच दात, आपलेच ओठ. त्यांनी झालं ते सांगितलं, तसा दिराचा चेहरा पार उतरला.

शेडमागे एक चर होता. कोंबड्यांच्या भांड्यांतलं सांडलेलं पाणी तिथे साठायचं. निघताना काकूंना आज ते विटकरी दिसलं. काकू गुडघ्यांवर बसल्या. पाणी झटके देत होतं.

“भावजी, बादली.”

“या घाणीला?”

“आणा तर आधी.”

दिराने दोन आणल्या आणि भरलेल्या दोन्ही स्वतःच घरापर्यंत वाहिल्या. काकूंनी पिसवा ओढणीत धरून धुतल्या, चहाच्या गाळणीने मोठ्या वगळल्या आणि बारीक तेवढ्या टाकीत सोडल्या. काही पिल्लं तळाशी निपचित पडली होती, ती उठलीच नाहीत. काकूंना फार वाईट वाटलं. बाकीची मात्र तुटून पडली. बघता बघता त्यांच्या पारदर्शक पोटांत लालसर ठिपके दिसू लागले.

दीर काचेला नाक लावून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “वहिनी, तुम्ही पुढच्या पोत्याला येणार, म्हणून त्या चरात आजच चुना टाकणार होतो. तुम्हाला वास नको यायला.”

काकूंनी त्याच्या हातातली रिकामी बादली काढून घेतली.

“भावजी, हात जोडते. यापुढे माझ्यासाठी काही म्हणजे काही करू नका.”