वाढत्या अंगाचे बाण

आमच्या घराण्यात कुठलीही वस्तू माणसाच्या मापाची घेत नाहीत. ती वाढत्या अंगाची घेतात. पाचवीत शिवलेल्या सदऱ्यात मी दहावीचा फोटो काढला आहे, आणि त्या फोटोतही बाह्या बोटांपर्यंत आल्या आहेत. बुटांच्या पुढे कापूस, टोपीच्या आत वर्तमानपत्र, पँटीला आत वीतभर दुमड अशा थाटात मी लहानाचा मोठा झालो. अंग कधी त्या कपड्यांपर्यंत पोचलं नाही, तो भाग वेगळा.

याच मी पुढे कतारमधल्या रास लफानला पाइपांचा इन्स्पेक्टर म्हणून नोकरी धरली. गेली अकरा वर्षं पहाटे कंपनीच्या बसमध्ये बसायचं, दिवसभर टेप घेऊन हिंडायचं आणि लोकांच्या चुका शोधायच्या, हे माझं काम. पाइप तीन मिलिमीटर जास्त निघाला की मी त्याला लाल टॅग लटकवतो. मग तो कापा, पुन्हा आणा, मी पुन्हा मापणार! (फोरमन लोक पाठीमागे मला काय म्हणतात, ते मला तीन भाषांमध्ये पाठ आहे.)

आमची जुई बारा वर्षांची. ती दोह्याबाहेर समैस्माच्या वाटेवरच्या एका क्लबात धनुर्विद्या शिकते. माझा एक अमेरिकन सहकारी देश सोडून जाताना आपलं शिकारीचं कंपाऊंड धनुष्य मला देऊन गेला, तिथून हे सुरू झालं. कंपाऊंड म्हणजे दोन्ही टोकांना चाकं आणि मधे दोऱ्यांचं जाळं. पुराणातल्या एखाद्या वीराच्या हातात दिलं तर तो आधी प्लग शोधेल! पण स्क्रू पिळून ते पोरांच्या ताकदीचं करता येतं. नियमाप्रमाणे ते क्लबच्याच कपाटात कुलपात असतं.

क्लबच्या ज्युनिअर टीममध्ये जागा चार. गेल्या वर्षी जुई पाचवी आली आणि राखीव म्हणून वर्षभर बाकीच्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसली. यंदा तिला टीममध्ये जायचंच होतं. रोज संध्याकाळी ती क्लबच्या ओरखडलेल्या बाणांनी सराव करायची, आणि तिचे बाण बऱ्यापैकी टार्गेटच्या मधल्या पिवळ्यात बसायला लागले होते.

"बाबा, आय जस्ट नीड माय ओन ॲरोज," ती म्हणाली. "कोचने लिस्ट दिलीय. जस्ट बाय व्हॉट्स ऑन द लिस्ट. प्लीज."

त्या 'प्लीज'मध्ये माझ्याबद्दलचा बारा वर्षांचा अनुभव होता.

कोच मुनीर हा इजिप्तचा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या चिठ्ठीत चारच ओळी होत्या: नळी सहाशे नंबरची, लांबी सव्वीस इंच, टोक हलकं, शेपटाला प्लॅस्टिकची छोटी पिसं. नंबर म्हणजे नळीचा ताठपणा. आकडा जितका लहान तितकी नळी ताठ. बाण सुटताना थोडा लवचावा लागतो म्हणे. मी हसलो. लवचणाऱ्या वस्तूवर मी अकरा वर्षांत सही केलेली नाही.

"सव्वीस इंच?" मी बायकोला, वर्षाला, म्हणालो. "सहा महिन्यांत आखूड होतील."

"मग?"

"मग काय! वाढत्या अंगाचे घेऊ."

वर्षाने माझ्याकडे पाहिलं. मी जुईचे शाळेचे बूट घेऊन आलो होतो, त्या दिवशीही ती अशीच पाहत होती.

दोह्याच्या नजमा भागात हसनचाचांचं शिलाईचं दुकान आहे. चाचा रत्नागिरीकडचे, जुईचे गणवेश तेच शिवतात. निवडीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, गणवेशाचं माप द्यायला गेलो, तेव्हा मी म्हटलं, "चाचा, हिच्या हाताचंही माप घ्या. धनुष्य ओढल्यासारखा हात करून."

चाचांनी टेप लावली. "सत्तावीस."

"बघ!" मी जुईला म्हणालो. "तुझ्या कोचला माप घेता येत नाही."

"पण कसलं माप हे?" चाचांनी विचारलं.

"बाणाचं. वाढत्या अंगाचे घेतोय."

चाचांनी चष्मा कपाळावर नेला. "अरे बाबा, पँटीला आत दुमड ठेवतो मी. बाणाला दुमड कुठं ठेवशील?"

मी हसलो. म्हाताऱ्या माणसांना तंत्रज्ञान कळत नाही!

जुईला घरी सोडून मी एकटाच दुकानात गेलो. तिथून वर्षाला फोन लावला. "सत्तावीस निघालेत. किती धरू?"

"आता घेतोच आहात तर एक इंच जास्त घ्या," ती म्हणाली. "ती माझ्या माहेरावर गेलीय. उंच होणार."

आता सासरचा मान म्हणून एक धरला, तर आमच्या घराण्याचे दोन नकोत? तीस झाले. दुकानातला केरळी पोरगा म्हणाला, "सर, पूरी नली बत्तीस की आती है. काटना क्यूँ?" किती समजूतदार मुलगा! मी कापू दिलं नाही.

"स्पाइन कौनसा, सर? कितना कड़ा?"

"सबसे स्ट्राँग."

"वो तो हंटिंग का है, सर. तीन सौ चालीस. बड़े हिरन के लिए."

मी क्षणभर विचार केला. कतारमध्ये हरणांना संरक्षण आहे आणि आमच्या बिल्डिंगखाली शिकार करण्याजोगा फक्त एक बोका आहे. पण मुलगी मोठी होणार, धनुष्याचे स्क्रू आवळले जाणार, तेव्हा हे बाण तयार हवेत की नकोत? "दे," मी म्हणालो. मग टोक हलकं घेतलं तर एवढ्या नळीला शोभेल का? दुप्पट वजनाचं घेतलं. पिसं प्लॅस्टिकची कशाला? टर्कीची खरी घेतली, प्रत्येक पाच इंचांची, भगवी! पोरगा म्हणाला, "हम फिट करके देते हैं, सर." मी त्याला माझं ओळखपत्र दाखवलं. इन्स्पेक्टर दुसऱ्याकडून जोडून घेत नाही.

शनिवारी सकाळी आठला निवड होती. सहा वाजता मी सहा बाण जेवणाच्या टेबलावर मांडून जुईला 'सरप्राइज' दिलं.

ती एकेक उचलून बघत राहिली. "बाबा, दीज आर... स्पीअर्स?"

"तीन वर्षं बघायला नको!"

"पण ट्रायल आज आहे," ती म्हणाली. हे वाक्य तिने मराठीत उच्चारलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

त्यात पिसांचा गोंद ओला! मी वर्षाचा हेअर ड्रायर काढला. एक पीस वाळलं की दुसरं उडायचं. दोन पिसं पोह्यांत सापडली. शेवटी वर्षा मागच्या सीटवर सहा बाण मांडीवर आडवे धरून बसली, मी गाडीचा एसी पूर्ण सोडला आणि आम्ही पोचलो तेव्हा सरावाची फेरी आटोपली होती.

"व्हेअर इज ओल्ड ॲरो?" कोच म्हणाला.

"नो नीड! न्यू!" मी छाती काढून सांगितलं.

"टाइम, मिस्टर. यल्ला, यल्ला. क्विक!"

जुईने पहिला बाण चढवला. धनुष्याच्या पुढे अर्धा फूट नळी बाहेर! शेजारच्या रांगेतला मुलगा एक पाऊल बाजूला सरला. बाण सुटला, शेपूट हलवत कसाबसा तीस मीटर गेला आणि टार्गेटच्या लाकडी पायात घुसला.

"वर धर!" मी मागून ओरडलो.

दुसरा तिने वर धरला. तो टार्गेटवरून मागच्या वाळूत गेला आणि त्याची दोन पिसं वाटेत आमच्याकडे परत आली.

"थोडं डावीकडे!" मी पुन्हा.

तिसरा पिवळ्याच्या बरोब्बर मधे बसला. मी टाळ्या वाजवल्या, उड्या मारल्या, दोन अनोळखी वडिलांना मिठी मारली. मग वर्षाने माझी बाही ओढली. "अहो, ते शेजारच्या मुलाचं टार्गेट आहे."

कोचने हात वर करून नेमबाजी थांबवली. त्याने उरलेला एक बाण उचलला, खिशातून टेप काढली आणि सगळ्यांसमोर मापायला सुरुवात केली. अकरा वर्षं मी पाइपापाशी उभा राहतो तसाच तो उभा होता, आणि फोरमन ज्या कोपऱ्यात घामेजून उभे राहतात त्या कोपऱ्यात मी!

"थर्टी टू," तो म्हणाला. "आय रोट ट्वेंटी-सिक्स. शी नीड ट्वेंटी-फोर. टू इंच फॉर ग्रोइंग, आय ऑलरेडी पुट."

म्हणजे वाढत्या अंगाचे दोन इंच त्या इजिप्तच्या माणसानेही आधीच धरले होते! (पुढे हसनचाचांना सांगितलं तर ते म्हणाले, "अरे, माझ्या सत्तावीसमध्ये पण वाढीचे होतेच की. शाळेच्या पोरांचं माप मी नुसतं कधी सांगतच नाही!")

"खलास," कोच म्हणाला. माझे बाण त्याने बाजूला ठेवले आणि जुईला क्लबचे तीन जुने, ओरखडलेले बाण दिले. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. तिन्ही पिवळ्यात गेले. पण सहा बाणांच्या फेरीतली आधीची तीन शून्यं कोण पुसणार? एका गुणाने ती पाचवी आली. पुन्हा राखीव, पुन्हा बाटल्या!

मला फार वाईट वाटलं. वर्षभर पोरीने खपून कमावलेलं मी एका शुक्रवारी हौसेने घालवलं होतं. परतताना गाडीत भगवी पिसं एसीच्या वाऱ्यावर उडत होती.

मागून जुईचा आवाज आला. "बाबा, तुम्ही पाइप किती चुकला की रिजेक्ट करता?"

"तीन मिलिमीटर," मी म्हणालो.

"अँड हाऊ मेनी मिलिमीटर्स इज सिक्स इंचेस?"

मला आकडा येत होता, तरी मी आरसा नीट करत बसलो. वर्षाने सांगितला. "दीडशेच्या वर," आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बसमध्ये मागचा फोरमन खुदकन हसला. मग त्याच्या शेजारचा. मग ड्रायव्हरने आरसा माझ्याकडे वळवला. मी अंगातलं जॅकेट काढून पाहिलं, तर पाठीवर माझ्याच बॅगेतला लाल टॅग टाचलेला. खाली जुईचं वळणदार अक्षर: 'रिजेक्टेड. ओव्हरसाइज.'

तो टॅग अजून मी काढलेला नाही. नियमच आहे तसा, आणि तो मीच सगळ्यांना शिकवला आहे: वस्तू दुरुस्त झाल्याची खात्री ज्याने टॅग लावला त्या इन्स्पेक्टरने करायची असते. त्या इन्स्पेक्टरबाई काल म्हणाल्या की पुढच्या निवडीपर्यंत बघू. जॅकेट मात्र आता मला घट्ट होतंय, कारण यंदा आमच्या घरात जे अंग वाढलं ते फक्त माझं!