चेंडूला विटाळ नाही

गुलाबपाणी माझ्या डोळ्यात गेलं. लांबून, जोरानं शिंपडलेलं. शिंपडणाऱ्यानं मान दुसरीकडे वळवली होती, म्हणून नेम चुकला. बाकीच्यांच्या हातावर त्यानं अत्तराची काडी टेकवली होती. एकेकाचा हात धरून, पालथा करून, हळूच. अकरा खुर्च्या झाल्या. बारावा मी. मला खुर्ची नव्हती, मी भिंतीशी उभा होतो. अकरा जणांनी केला तसा मीही हात पुढं केला. काडी माझ्या हातापर्यंत आली, थांबली आणि परत अत्तरदाणीत गेली. तो दोन पावलं मागं सरला आणि त्यानं गुलाबदाणी उचलली.

हार अकरा जणांच्या गळ्यात घातले. माझा टेबलाच्या कडेला ठेवला. त्याच्यावर पानाचा विडा ठेवला. "उचल," तो म्हणाला.

ते टेबल पिंगपाँगचं होतं. त्यावर पांढरी चादर टाकून हारतुरे मांडले होते. त्याच टेबलावर चार वर्षं रोज संध्याकाळी मी या क्लबवाल्यांच्या पोरांना खेळायला शिकवत होतो.

आणि मी उचलला. वाकून हार उचलला, विडा उचलला, वर हात जोडले. आज हे सांगताना माझी मलाच किळस येते.

भिंतीवर फळा होता. वर लिहिलं होतं, 'खेळाच्या प्रसारासाठी झटलेल्या स्वयंसेवकांचा सत्कार व पानसुपारी'. खाली बारा नावं. एकानं खोली दिली होती. एकानं टेबल करवून घेतलं होतं. एकानं उद्घाटनाला लाडू वाटले होते, त्याचंही नाव होतं. कुणी पंत, कुणी राव, कुणी साहेब. बाराव्या ओळीत एकच शब्द होता, मार्कर. चार वर्षांत माझं नाव काय, हे त्या क्लबात कुणी विचारलं नव्हतं.

मी महार. बेळगावच्या कॅम्पात गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये मार्कर होतो. मार्कर म्हणजे गुण मोजणारा नोकर. चेंडू गोळा करायचे, इंग्रजीत आकडे ओरडायचे, आणि एखाद्या साहेबाला जोडीदार नसला की त्याच्यासमोर बॅट घेऊन उभं राहायचं. तसाच खेळ शिकलो. साहेब मला माणूस समजत होते असं कुणी समजू नये. खेळ संपला की ते एकमेकांशी हात मिळवायचे आणि मी टेबलाखाली रांगत चेंडू शोधायचो.

पिचकलेले चेंडू मेसमध्ये टाकून देत. ते मी घरी आणायचो. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, ती चहाच्या आधणात चेंडू सोडायची आणि खळगा टप्पकन वर यायचा. वडगावातल्या मागवाल्यांच्या दारापुढं तुटकं सूत पडलेलं असायचं. ते वेचून तिनं जाळी विणली. दोन जुनी दारं पिंपांवर टाकली आणि आमच्या वस्तीत टेबल झालं. आक्कानं आयुष्यात बॅट हातात धरली नाही, पण तिच्याशिवाय एक पोरगं खेळलं नसतं. तिचं नाव कुठल्याच फळ्यावर नव्हतं.

गावातल्या शिकलेल्या लोकांनी क्लब काढला तेव्हा त्यांचे सेक्रेटरी वकीलसाहेब मेसच्या मागच्या दाराशी मला भेटायला आले. खादीतला माणूस. बेचाळीसच्या चळवळीत हिंडलग्याच्या तुरुंगात राहून आलेला. म्हणाले, "तू आमच्या मुलांना शिकव. ही देशसेवा आहे."

मला लई आनंद झाला. खोटं कशाला बोलू.

पहिल्या दिवशी मी पायरीवर उभा आणि आत चर्चा चाललेली. मी मारलेला चेंडू पोरांनी हातात घ्यायचा का? अध्यक्ष रावसाहेब, पेन्शनीत निघालेले मामलेदार, त्यांनी निकाल दिला. "चेंडू विलायती आहे. विलायती वस्तूला विटाळ नाही. बॅट मात्र त्यानं स्वतःची आणावी, आणि मुलांपासून हातभर लांब राहावं."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हसलो. घरी येऊन आक्काला गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही.

हातभर लांब राहून मी शिकवलं. आता ज्याला खेळ कळतो त्याला सांगतो. बॅकहँड तोंडानं शिकवता येत नाही. मनगट धरावं लागतं, बोटं बॅटीवर बसवावी लागतात, कोपर दाबून जागेवर ठेवावं लागतं. वस्तीतल्या पोरांची मनगटं मी रोज धरत होतो. महिन्याभरात त्यांचा हात सुटला. क्लबातल्या पोरांपुढं मी टेबलापलीकडून नुसते हातवारे करत होतो. त्यांचं मनगट काठीगत ताठ ते ताठच. दोष पोरांचा नव्हता.

दर पावसाळ्यानंतर क्लबाच्या स्पर्धा व्हायच्या. वस्तीतली माझ्या हाताखालची चार पोरं त्यात उतरावीत एवढंच मला हवं होतं. मी वकीलसाहेबांना दर वर्षी विचारायचो आणि ते म्हणायचे, "थोडा धीर धर." यंदा मात्र ते म्हणाले होते, "सत्काराच्या दिवशी जाहीर करतो. घेऊन ये त्यांना."

म्हणून त्या दिवशी आक्कानं चौघांचे सदरे सोड्यात उकळून धुतले होते. चौघांना घेऊन ती क्लबाच्या आवाराबाहेर चिंचेखाली उभी होती. पोरांच्या हातात बॅटी होत्या.

आत रावसाहेब भाषणाला उठले. देश स्वतंत्र होणार, आता सगळे भाऊ भाऊ, असं बरंच बोलले. टाळ्या झाल्या. शेवटी म्हणाले, "आमच्या मार्करनेही चेंडू उचलून देऊन आपल्या परीनं सेवा केली."

चेंडू उचलून देऊन.

मी वकीलसाहेबांजवळ सरकलो. हळूच विचारलं, "साहेब, पोरांचं जाहीर करताय न्हवं?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज नको. लोक बसलेत."

मी बाहेर आलो. हातात हार, विडा. पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. आक्का म्हणाली, "डोळं लाल का रं? रडलास?"

"गुलाबपाणी गेलं."

तिनं माझा हात ओढून नाकाशी नेला. हुंगला. दुसरा हुंगला.

"सगळ्यास्नी अत्तर लावत्यात. तुला लावलं न्हाय व्हय?"

मी हात काढून घेतला.

"तुझा हात त्येंस्नी चालत न्हाय. मग तुझं शिकवणं कसं चालतंय रं?"

एवढंच. ती ओरडली नाही. पण चार वर्षं जे गंमत म्हणून मी सांगत होतो त्याचा अर्थ तेव्हा लागला. माझ्या बॅटीवरून त्यांच्या बॅटीवर, त्यांच्या बॅटीवरून माझ्या बॅटीवर, दिवसात हजार वेळा तो चेंडू जात होता. तो चालत होता, कारण त्याच्याशी त्यांना काम होतं. अत्तराची एक काडी माझ्या कातड्याला लागली असती तर त्यांचा धर्म बुडाला असता. थू. असल्या धर्मावर आणि त्यांच्या गुलाबपाण्यावरही. आजही कुठल्या लग्नात गुलाबदाणी आली की मी उठून बाहेर जातो.

मी परत आत गेलो. पहिल्या दिवसासारखा पायरीवर थांबलो नाही. हार आणि विडा त्यांच्या पांढऱ्या चादरीवर मधोमध ठेवला. मग फळ्यापाशी गेलो. तोंडावरचं गुलाबपाणी तळव्यानं पुसलं आणि तोच ओला तळवा बाराव्या ओळीवरून फिरवला. मार्कर पुसलं गेलं.

"अरे, फळ्याला हात लावतोस?" रावसाहेब ओरडले.

"व्हय. लावला," मी म्हणालो.

मला मारायला कुणी उठलं नाही. मारायला हात लावावा लागतो.

नंतर कळलं, त्यांनी फळा धुतला, टेबलावर गोमूत्र शिंपडलं. चेंडू मात्र धुतले नाहीत. ते तसेच वापरले.

त्या दिवसापासून मी क्लबाची पायरी चढलो नाही. दोन महिन्यांनी निपाणीच्या तंबाखूवाल्यांच्या पोरांनी त्यांना सपाटून हरवलं. सगळे गुण बॅकहँडवर गेले. मग एका रविवारी सकाळी वकीलसाहेब आमच्या वस्तीच्या तोंडाशी आले. आत पाऊल टाकलं नाही. हाक मारली, "मार्कर आहे का?"

आक्का दारात चेंडूंना आधण ठेवत होती. तिथूनच म्हणाली, "हितं त्या नावाचं कुणी न्हाय."

मी उठून पुढं गेलो. ते म्हणाले, "झालं गेलं विसर. पुन्हा निपाणीशी सामना आहे. मुलांचा बॅकहँड तेवढा बसवून दे. तुझ्या पोरांचंही बघू यंदा."

"बघू नका. खेळवा. आणि बॅकहँड बसवायचा तर मला मनगट धरावं लागंल."

ते म्हणाले, "चार वर्षं लांबूनच शिकवलंस ना?"

"म्हणून तर हरला."

मी हात पुढं केला. सरळ, त्यांच्यासमोर. "मुलांचं राहू द्या. आधी तुम्ही धरा."

त्यांनी हाताकडे बघितलं. इंग्रजाच्या तुरुंगाला न भिलेला तो माणूस. त्यांचे दोन्ही हात पाठीमागं गेले, आपोआप. मी मनात दहापर्यंत मोजलं, मेसमध्ये मोजायचो तसं, इंग्रजीत. ते वळले आणि चालू लागले. माझ्या मागं दारांच्या टेबलावर चेंडू वाजत होता. पोरं खेळ थांबवून बघायलासुद्धा आली नव्हती.

मी हात खाली घेतला आणि त्या दिवशी ठरवलं. माझ्या टेबलावर कुणाच्याही पोरानं यावं. पंताच्या, रावाच्या, मागवाल्याच्या, भंग्याच्या. पण पहिल्या दिवशी, बॅट हातात देण्याआधी, मी त्याचं मनगट धरणार. ज्याला ते चालत नाही त्याला माझा खेळ मिळणार नाही, माझा चेंडूही मिळणार नाही. आणि लांबून शिंपडलेलं काहीही, गुलाबपाणी असो नाहीतर शाबासकी, मी पुन्हा अंगावर घेणार नाही.