गेटवरची झडती

आमच्या सोसायटीच्या गेटवर चेहरा ओळखणारे यंत्र गेल्या दिवाळीनंतर बसले. त्याआधी, नवरात्रात, माझी आई कुणालाही न सांगता घराबाहेर पडली होती.

आईला विसरण्याचा आजार आहे. त्या दुपारी ती नाशिक रोडला बस थांब्यावर सायखेड्याच्या गाडीची वाट पाहत बसली होती. सायखेडा तिचे माहेर. तिथे आता आमचे कुणी राहत नाही. थांब्याजवळच्या फळवाल्या चाचांनी तिला ओळखले, हातगाडीमागच्या स्टुलावर बसवले आणि वडिलांना फोन लावला. पेरू घरपोच पाठवता यावेत म्हणून वडिलांनीच त्यांना नंबर दिलेला होता.

यंत्राबद्दल सांगायला सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. नोंदवलेला चेहरा समोर आला की गेट उघडते आणि घरातल्यांच्या मोबाइलवर मेसेज जातो. आई बाहेर पडली की लगेच कळेल, असे ते म्हणाले.

वडील नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झाले. नाशिक रोडला त्याला नुसते ‘प्रेस’ म्हणतात. नोकरीत असेपर्यंत सुटी झाल्यावर झडती दिल्याशिवाय ते कधी बाहेर पडले नाहीत. सेक्रेटरींना वाटले, हा माणूस लगेच हो म्हणेल.

“फोटो राहतो कुठं?” वडिलांनी विचारले.

“क्लाउडवर, काका.”

“म्हणजे कुणाकडं?”

“कंपनीकडे. सुरक्षित असतो.”

“प्रेसमध्ये झडती घेणारा समोर उभा असायचा. हात फिरवायचा, सोडून द्यायचा. काही ठेवून घ्यायचा नाही.”

“काका, तुमच्या चेहऱ्याच्या नोटा कोण छापणारे?”

“छापल्या तर मी ओळखीन. तुमचं काय?”

सेक्रेटरी हसले, चहा घेऊन गेले. वडिलांनी आईचाही चेहरा द्यायला नकार दिला.

मी वर्तमानपत्रात काम करते. लोकांची माहिती चोरीला गेल्याच्या बातम्या मी लिहिल्या आहेत, आणि त्यातली गेलेली माहिती परत आल्याची बातमी एकदाही लिहिलेली नाही. त्यामुळे वडिलांचे म्हणणे मला पटत होते. पण थांब्यावरून आईला आणायलाही मीच गेले होते. तिथून एकलहऱ्याकडे जाणारे ट्रक तिच्या पायांपासून हातभर अंतरावरून जात होते. हे मी वडिलांना सांगितले.

आई सकाळी बऱ्यापैकी भानावर असते. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी वडिलांनी विषय तिच्यासमोर काढला.

“अगं, गेटवर तुझा फोटो ठेवायचा म्हणतात. तू बाहेर पडलीस की मला कळेल.”

आईने बशी खाली ठेवली. “आणि तुम्ही बाहेर पडलात की मला कळेल का?”

“मी कुठं जातो?”

“ते मला कुठं कळतं? रोज विचारते तर म्हणता, सांगितलं ना मघाशी.”

वडिलांनी लगेच सेक्रेटरींना फोन करून दोघांचे चेहरे देतो म्हणून सांगितले. एक अट घातली: आम्ही सांगू तेव्हा फोटो पुसल्याचे कंपनीने लेखी द्यायचे. सेक्रेटरींनी मागणी कंपनीला पाठवली.

नोंदणीच्या वेळी आईने पदर नीट केला आणि कॅमेऱ्याकडे पाहिले. तिचे लगेच झाले. वडील यंत्रासमोर उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर आडवे केले.

“काका, हात खाली घ्या,” वॉचमन म्हणाला. “हे खिसे नाय तपासत.”

“सवय आहे,” वडील म्हणाले आणि त्यांनी हात खाली घेतले.

तेव्हापासून वडील बाहेर पडले की आईचा मोबाइल वाजतो. ती मेसेज वाचते आणि गॅलरीत जाऊन खात्री करते. कंपनीचे लेखी उत्तर अजून आलेले नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी वडील आंघोळीला गेले असताना मेसेज माझ्या मोबाइलवर आला: आई बाहेर गेली होती. मी थांब्यावर पोहोचले तेव्हा ती चाचांच्या गाडीवर पेरू निवडत होती.